वजन तर उतरलं, आता हार्टचा आणि शुगरचा धोका किती उरला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन कमी केलेले लोक फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकली. वाचायच्या आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा, शुगरचा धोका आणि हार्टचा धोका हे दोन वेगळे हिशोब आहेत. वजन उतरलं की पहिला पटापट सुधारतो, दुसरा हळूहळू आणि तोही अर्धवट. बहुतेकांचा घोळ होतो तो दोन्ही एकाच खात्यात टाकल्यामुळे.

दहा किलो उतरले. आता धोका संपला ना?

संपला नाही, कमी झाला. आणि नुसतं "दहा किलो" सांगून काही कळत नाही, सुरुवात कुठून केली ते सांगा. १२० किलोच्या माणसाचे दहा आणि ७० किलोच्या माणसाचे दहा यात भरपूर फरक आहे, म्हणून डॉक्टर किलोत न बोलता टक्क्यात बोलतात. मूळ वजनाच्या ५ टक्के उतरले तरी शुगर, बीपी आणि ट्रायग्लिसराइडमध्ये (रक्तातली एक प्रकारची चरबी) फरक दिसायला लागतो, १० टक्क्यांच्या पुढे गेलात तर आणखी चांगलं. फॅटी लिव्हर, झोपेत श्वास अडकणं, गुडघे ही सगळी मंडळी पण त्याच सुमारास सुधारतात, पण तो आजचा विषय नाही.

डायबेटीसचा धोका नक्की किती कमी होतो, आकडा सांगा की.

आकडा आहे, आणि चांगला भक्कम आहे. अमेरिकेत डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निकाल आले. प्रीडायबेटीस, म्हणजे शुगर नॉर्मलच्या वर पण डायबेटीसच्या खाली, असलेले ३,२३४ लोक होते, त्यातल्या एका गटाला वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा एवढंच काम दिलं होतं. सरासरी २.८ वर्षांत त्या गटात डायबेटीस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या गटात हेच ३१ टक्के होतं, म्हणजे गोळीपेक्षा वजन उतरवणं सरस ठरलं. पुढे त्याच आकड्यांचा हिशोब केला तेव्हा दर एक किलोमागे धोका साधारण १६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. फिनलंडमधल्या अभ्यासात पण एक वर्ष आधी ५८ टक्केच आले होते.

असं का होतं, तर पोटातली आणि लिव्हरमधली चरबी आधी वितळते. लिव्हरमध्ये चरबी साचली की ते इन्सुलिनचं ऐकत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत बसतं, म्हणून सकाळी उपाशीपोटीची शुगर जास्त येते. वजन उतरायला लागलं की लिव्हर काही दिवसांतच हलकं व्हायला लागतं, आरशात अजून काही दिसतही नसतं तेव्हा. स्वादुपिंडातली चरबी कमी व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणून उपाशीपोटीची शुगर लवकर खाली येते आणि जेवणानंतरची मागून येते, असं खूप जणांच्या रिपोर्टमध्ये दिसतं.

मग हार्टचा धोका पण तेवढाच कमी होत असेल.

इथेच गाडी अडते. लूक अहेड नावाचा अभ्यास होता, आधीपासून टाइप २ डायबेटीस असलेले ५,१४५ लोक, अर्ध्यांना वजन उतरवायला आणि व्यायामाला कसून लावलं. पहिल्या वर्षी सरासरी ८.६ टक्के वजन उतरलं, शुगर सुधारली, बीपी सुधारलं, औषधं कमी लागली, सगळं छान. पण जवळपास दहा वर्षांनी हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू मोजले तर दोन्ही गटांत फरकच नाही. वर सांगितलेल्या प्रीडायबेटीसवाल्या अभ्यासातल्या लोकांना पण २१ वर्षं फॉलो केलं, डायबेटीस कमी झाला पण हार्टच्या घटनांमध्ये ठोस फरक दिसला नाही.

हे वाचून लोक म्हणतात मग कशाला एवढं करायचं. थांबा जरा. एक तर लूक अहेडमध्ये दुसऱ्या गटाला स्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं जास्त मिळत होती, त्यामुळे तेही बरेच सावरले. दुसरं, ज्यांनी पहिल्याच वर्षी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हार्टच्या घटना साधारण पाचव्या हिश्शाने कमी होत्या, पण हा हिशोब नंतर बसून केलेला आहे, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. तिसरं म्हणजे चीनमधल्या दाचिंगचा अभ्यास, १९८६ ला सुरू झालेला, त्यात ३० वर्षांनी हार्टचे आजार आणि मृत्यू दोन्ही कमी झालेले दिसले. म्हणजे फायदा होतो, पण तो उशिरा हाती येतो.

रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे साचलंय ते वीस-तीस वर्षांत साचलंय, सहा महिन्यांच्या डाएटने ते खरवडून निघत नाही. आणि ते साचवणारा मुख्य भिडू एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तो वजनाला फारशी दाद देत नाही. त्यावर खाली लिहिलंय.

वजन उतरल्यावर टेस्ट कधी करायच्या? लगेच केल्या तर चालतील?

लगेच करू नका, फसाल. वजन भराभर उतरत असताना शरीर चरबी जाळत असतं आणि तेव्हा कोलेस्टेरॉलचे आकडे भलतंच काही दाखवतात. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, उतरत्या वजनात थोडं खाली जातं आणि वजन स्थिर झाल्यावर वर येतं. एलडीएल काहींमध्ये तात्पुरतं वाढतं, कारण चरबीच्या पेशींमध्ये साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर येत असतं. एवढी मेहनत करून रिपोर्ट बिघडला म्हणून धाबं दणाणलेले लोक भेटतात ते बहुतेक याच टप्प्यावरचे. वजन दोन-तीन महिने एका जागी टिकलं की मग लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची टेस्ट, करा.

एचबीए१सी ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगते, त्यामुळे डाएट सुरू करून चार आठवड्यांत केली तर तिच्यात जुने दिवस पण मोजले जातात. वरच्या दोन्ही गोष्टी जुळवल्या तर वजन थांबल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी एकदम सगळ्या टेस्ट करणं हा सरळ मार्ग. अपवाद फक्त ज्यांच्या शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांचा, त्यांनी तीन महिने वाट बघायची नाही, त्यांचं मोजमाप उतरत्या वजनातच चालू पाहिजे.

रिपोर्ट हातात आला, आता काय बघू?

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक आहे पण असे रिपोर्ट नेहमी दिसतात. समजा ४८ वर्षांचा माणूस, ९० किलोवरून ७९ वर आला, म्हणजे १२ टक्के. उत्तम काम.

एचबीए१सी ६.२ होतं ते ५.६ झालं. ट्रायग्लिसराइड २४० वरून १४०. वरचं बीपी १४२ वरून १३०, हे पण अपेक्षेप्रमाणेच, कारण दर किलोमागे वरचं बीपी साधारण एक पॉइंट उतरतं असं ढोबळमानाने म्हणतात. आता खाली या. एलडीएल १४८ होतं, ते झालं १३९. एचडीएल ३६ चं ३५. बस.

हा माणूस रिपोर्ट बघून म्हणणार, अर्धा रिपोर्ट पास आणि अर्धा नापास, काय चुकलं? काहीच चुकलेलं नाही. वजनाने ज्या गोष्टी हलतात त्या हलल्या. ट्रायग्लिसराइड झपाट्याने पडतात, एलडीएल जेमतेम. एलडीएल किती असायचं हे बरंचसं तुमचं लिव्हर रक्तातून ते किती वेगाने उचलतं त्यावर ठरतं आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा हात असतो. जेवणातली सॅच्युरेटेड फॅट कमी केली तर अजून थोडं उतरतं, उलट कार्बोहायड्रेट एकदम बंद करून भरपूर फॅटवर वजन उतरवलेल्या काही जणांचं एलडीएल चांगलंच वाढतं, वजन कमी होऊनही. अशा वेळी "पण मी तर बारीक झालोय" हे उत्तर रक्तवाहिन्यांना चालत नाही.

स्टॅटिनच्या मोठमोठ्या अभ्यासांचा एकत्र हिशोब सांगतो की एलडीएल ३९ ने खाली आणलं की हार्ट अटॅक-स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. आपल्या माणसाचं नऊने उतरलंय. त्यात तो सिगारेट ओढतो आणि वडिलांना पन्नाशीत अटॅक आला होता असं धरलं, तर त्याचं शुगरचं खातं मस्त सुधारलं आणि हार्टच्या खात्यात अजून बरीच बाकी आहे. काट्यावर हे दिसणार नाही.

एचबीए१सी ५.६ आलं म्हणजे मी आता नॉर्मल झालो का?

आकड्याने हो. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ प्रीडायबेटीस, ६.५ आणि पुढे डायबेटीस. उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५ मध्ये असेल तर प्रीडायबेटीस, १२६ पासून डायबेटीस. पण एकदा प्रीडायबेटीसमध्ये जाऊन आलेला माणूस आणि कधीच न गेलेला माणूस यांचा धोका सारखा नसतो, वजन परत आलं की शुगर पण परत येते. म्हणून वर्षातून एकदा टेस्ट चालू ठेवा. चांगली बातमी पण आहे, प्रीडायबेटीसच्या त्याच मोठ्या अभ्यासात ज्यांची शुगर एकदा तरी पूर्ण नॉर्मलला आली त्यांना पुढे डायबेटीस होण्याचं प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी होतं, कायम प्रीडायबेटीसमध्येच राहिलेल्यांच्या तुलनेत.

अजून एक, हिमोग्लोबिन कमी असेल तर या टेस्टवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. लोह कमी असलेल्यांमध्ये आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, आणि रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा लाल पेशी लवकर मरत असतील तर खोटा कमी. कडक डाएट करून ॲनिमिया ओढवून घेतलेले लोक कमी नाहीत. शंका असेल तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट करून घ्या.

मला डायबेटीस होताच, आता गोळी न घेता शुगर नॉर्मल येते. बरा झाला म्हणायचा का?

"बरा" म्हणत नाहीत, रेमिशन म्हणतात. २०२१ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या अशी की शुगरची सगळी औषधं बंद करून किमान तीन महिने झाले आणि एचबीए१सी ६.५ च्या खाली आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट अभ्यासात एका वर्षाने ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये गेले, आणि ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात ८६ टक्के. दुसऱ्या वर्षी एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण काहींचं वजन परत चढलं. त्यात सगळ्यांचा डायबेटीस सहा वर्षांच्या आतला होता हे विसरू नका. पंधरा-वीस वर्षं जुना डायबेटीस असेल, इन्सुलिन चालू असेल, तर स्वादुपिंडात तेवढा दम उरलेला नसतो, मग वजन कितीही उतरलं तरी रेमिशन मिळेलच असं नाही. तो तुमचा आळस नव्हे.

रेमिशनमध्ये असताना डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, किडनी, पाय यांची दरवर्षीची तपासणी सोडायची नाही. जुन्या वर्षांत जे नुकसान सुरू झालं ते शुगर नॉर्मल झाली म्हणून पुसलं जात नाही. शुगर फार वेगाने खाली आली तर डोळ्यातला जुना त्रास तात्पुरता वाढूही शकतो, म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांना वजनाचं सांगा.

रिस्क कॅल्क्युलेटरमध्ये वजन विचारतच नाहीत, असं कसं?

खूप जण इथे चिडतात. एवढं घाम गाळून वजन उतरवलं आणि कॅल्क्युलेटरला त्याची किंमतच नाही! किंमत आहे, पण ती आडवाटेने येते. हार्टचा धोका काढणारी बहुतेक सूत्रं वय, स्त्री की पुरुष, टोटल कोलेस्टेरॉल, एचडीएल, वरचं बीपी, बीपीची गोळी चालू आहे का, डायबेटीस, सिगारेट एवढंच घेतात. अमेरिकेचं २०१३ चं सूत्र असंच आहे, वंश तेवढा जास्तीचा धरतं, पण त्यात वजनाचा रकानाच नाही. वजनाचा वाईट परिणाम बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल यांच्यातूनच बराचसा येतो, म्हणून ते मोजलं की वजन वेगळं मोजायची गरज कमी पडते, असा त्यामागचा विचार. ब्रिटनचं क्यूरिस्क ३ मात्र उंची-वजन, वंश, घरातला इतिहास, किडनीचा आजार असं बरंच काही विचारतं. २०२३ चं अमेरिकेचं प्रिव्हेंट ३० ते ७९ वयासाठी आहे, त्यात किडनीचं काम पण धरतात, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) घेतात तो हार्ट फेल्युअरच्या हिशोबासाठी.

आता वापरताना लोक कुठे घसरतात ते सांगतो. जुन्या रिपोर्टचं कोलेस्टेरॉल आणि आजचं बीपी असं कडबोळं करून भरतात, तसं नको, सगळे आकडे एकाच काळातले आणि वजन स्थिर झाल्यानंतरचे हवेत. "बीपीची गोळी चालू आहे" याला प्रामाणिकपणे हो म्हणा, गोळीने आलेलं १२५ आणि गोळीशिवायचं १२५ सारखं नाही. स्टॅटिन चालू असेल तर बऱ्याच सूत्रांचं उत्तर तुम्हाला लागू पडत नाही, कारण ती औषध न घेणाऱ्यांसाठी बनवलेली आहेत. आणि एकदा अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय, तर ही कॅल्क्युलेटर उघडूच नका, तुमचा गट आधीच ठरलेला आहे.

शुगरसाठी वेगळी प्रश्नावली असते. फिनलंडची फिंडरिस्क (FINDRISC) त्यात प्रसिद्ध, वय, बीएमआय, पोटाचा घेर, व्यायाम, फळं-भाज्या, बीपीची औषधं, पूर्वी कधी शुगर जास्त आली होती का, घरात कोणाला आहे का, एवढंच विचारते, रक्त काढायची गरज नाही, कमाल गुण २६. हिच्यात वजन आणि घेर थेट मोजले जातात म्हणून बारीक झाल्यावर गुण लगेच कमी होतात. जीव भांड्यात पडतो. पण "पूर्वी शुगर जास्त आली होती का" याचं उत्तर वजन उतरलं तरी "हो"च राहतं, ते खोडू नका.

कॅल्क्युलेटर म्हणतं दहा वर्षांत ८ टक्के. हे जास्त की कमी?

तुमच्यासारखे आकडे असलेले १०० लोक घेतले तर दहा वर्षांत त्यातल्या साधारण आठ जणांना अटॅक किंवा स्ट्रोक येईल. तुम्ही त्या आठात की ब्याण्णवात हे कुठलंच मशीन सांगू शकत नाही. वजन उतरवायच्या आधी १२ होतं आणि आता ८ आहे तर एक तृतीयांश धोका गेला, शंभरातले चार जण वाचले, दोन्ही वाक्यं खरीच आहेत पण पहिलं ऐकायला जास्त भारी वाटतं. तरुणपणी हा आकडा वयामुळेच छोटा येतो, ३५ व्या वर्षी २ टक्के बघून हुरळून जाऊ नका, तिथे ३० वर्षांचा धोका बघणं जास्त शहाणपणाचं.

पोटाचा घेर कुठे मोजायचा? पँटचा साइज चालेल का?

नाही चालणार, पँट पोटाच्या खाली सरकते हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपा, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक शोधा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लावा. टेप जमिनीला समांतर, कातडीला टेकलेली पण रुतलेली नाही, श्वास सहज सोडा आणि वाचा. पोट आत ओढायचं नाही, कोणी बघत नाहीये. उंचीच्या निम्म्यापेक्षा घेर कमी असावा हा सोपा नियम आहे, म्हणजे उंची १६६ सेंटीमीटर असेल तर ८३ च्या आत.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी मर्यादा कडक आहेत, घेर पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर, बीएमआय २३ पासूनच धोका वाढायला लागतो. म्हणून बीएमआय २८ वरून २४.५ वर आणून "नॉर्मलला आलो" म्हणणाऱ्याची शुगर अजून सीमेवर असू शकते. प्रत्येकाचं शरीर किती चरबी सुखाने साठवू शकतं याची मर्यादा वेगळी असते, कोणाची ९५ किलोला ओलांडली जाते तर कोणाची ६५ लाच.

बीपीच्या गोळ्या बंद करू का? हल्ली उठलं की गरगरतं.

स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना फोन आजच करा. वजन उतरलं की जुना डोस जास्त होतो आणि उठताना अंधारी येते, हे अगदी नेहमीचं. शुगरच्या बाबतीत तर जास्त जपून, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर डाएट सुरू करायच्या आधीच डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या प्रकारातल्या गोळ्या घेऊन कार्बोहायड्रेट एकदम तोडणं किंवा लांबलचक उपवास करणं धोक्याचं आहे, त्यात शुगर फार न वाढताही रक्तात ॲसिड वाढू शकतं.

घरी बीपी मोजत असाल तर एक बारीक गोष्ट. जाड दंडासाठी घेतलेला मोठा पट्टा बारीक झालेल्या दंडाला सैल पडतो आणि बीपी आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. उलट जाड दंडाला छोटा पट्टा लावला तर जास्त दाखवतो. म्हणजे आधी छोट्या पट्ट्याने मोजत होता आणि आता तोच नीट बसतोय, तर उतरलेल्या बीपीतले काही पॉइंट पट्ट्याचे आहेत, तुमचे नाहीत. दंडाचा घेर मोजा, पट्ट्यावर सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं ते जुळवा, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग मोजा.

आणि स्टॅटिन?

ते सहसा वजनामुळे बंद होत नाही. गोळीमुळे एलडीएल ७० आलंय आणि तुम्ही म्हणताय आता नॉर्मल आहे, बंद करतो, तर काही आठवड्यांत जुन्या जागी जाईल. चालू करण्याचं कारण काय होतं ते विचारा. अटॅक, स्टेंट, डायबेटीस, आनुवंशिक कोलेस्टेरॉल यातलं काही असेल तर वजनाचा प्रश्नच येत नाही. फक्त काठावरच्या रिस्कमुळे चालू केलं असेल तर नवे आकडे घेऊन डॉक्टरांशी नीट बोला.

वजन कितीही उतरलं तरी न बदलणारं काय आहे?

वय. घरातला इतिहास, म्हणजे वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत हार्टच्या आजाराने आजारी. लिपोप्रोटीन ए, हे रक्तातलं एक कण आहे जे जन्मतःच ठरतं, डाएट-व्यायामाला अजिबात बधत नाही, ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर धोका वाढतो आणि आयुष्यात एकदा मोजलं तरी पुरतं. घरात लवकर अटॅक आलेले असतील तर ही टेस्ट मागून घ्या, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते.

बायकांचं एक राहून जातं. गरोदरपणात शुगर वाढली होती, बाळंतपणानंतर नॉर्मल झाली, विषय संपला असं वाटतं. पण त्यांना पुढे टाइप २ डायबेटीस होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो. गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर पुढे हार्टचा धोका जास्त. कॅल्क्युलेटर हे सहसा विचारत नाही, त्यामुळे तुम्हीच डॉक्टरांना सांगा, मुलं कॉलेजात गेली असली तरी सांगा.

हार्टच्या कॅल्शियम स्कोअरचं, म्हणजे हार्टच्या रक्तवाहिन्यांत किती कॅल्शियम साचलंय ते स्कॅन करून काढलेल्या आकड्याचं पण तेच, साचलेलं कॅल्शियम वजन उतरवून कमी होत नाही, त्यामुळे दर वर्षी स्कॅन करून सुधारणा शोधत बसू नका.

सिगारेट या यादीत नाही. ती सुटते. सोडल्यावर दोन-चार किलो वाढले तरी हार्टचा हिशोब फायद्यातच राहतो.

इंजेक्शन घेऊन वजन उतरवलं, ते धरायचं का?

धरायचं की. सिलेक्ट नावाच्या अभ्यासात आधीच हार्टचा आजार आणि जास्त वजन असलेले, पण डायबेटीस नसलेले १७,६०४ लोक होते, सेमाग्लुटाइड या इंजेक्शनने हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हार्टमुळे होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. हे २०२३ चं. पण हे सगळे आधीच हार्टचे पेशंट होते, हट्ट्याकट्ट्या माणसाला तोच आकडा लावता येत नाही. आणि इंजेक्शन थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं असं वेगळ्या अभ्यासात दिसलंय, बीपी-शुगरचा फायदा पण बराचसा ओसरला. थांबवलं असेल तर टेस्ट परत करा, इंजेक्शन चालू असतानाचा रिपोर्ट जपून ठेवून उपयोग नाही.

कसंही उतरवा, गेलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबी नसलेला भाग असतो, स्नायू त्यातच आले. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, म्हणून वजन उचलण्याचा व्यायाम आणि पुरेसं प्रोटीन याला पर्याय नाही.

अर्धं वजन परत आलं. सगळं पाण्यात?

सगळं नाही. प्रीडायबेटीसच्या त्या अभ्यासात लोकांचं बरंच वजन परत आलं होतं, तरी १५ वर्षांनीसुद्धा डायबेटीसचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमीच होतं. फक्त जुन्या चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका, पाच किलो परत आले की टेस्ट परत, आणि कॅल्क्युलेटर पण परत.

मी काहीच केलं नाही, तरी वजन उतरलं. फायदाच ना?

नाही. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं तर डॉक्टरकडे जा. थायरॉइड, पोटाचे आजार, कॅन्सर, डिप्रेशन अशी बरीच कारणं असतात, आणि त्यातलं एक खुद्द डायबेटीसच आहे. तहान फार लागते, रात्री सारखं लघवीला उठावं लागतं, भूक लागते तरी वजन घटतंय, असं असेल तर रिस्क कॅल्क्युलेटर भरत बसू नका, आजच शुगर तपासा. वर उलट्या, पोटात दुखणं किंवा श्वास जोरात चालणं सुरू झालं असेल तर लॅबची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.